गाळाने घडवलेला जिल्हा

तोस्काना म्हटलं की फ्लोरेन्स, सरूच्या रांगा आणि द्राक्षमळे आठवतात. त्याच तोस्कानाच्या दक्षिणेचा ग्रोसेतो जिल्हा मात्र शेकडो वर्षं हिवतापासाठी बदनाम होता. या किनारी पट्ट्याला मारेम्मा म्हणतात. रोमन काळात इथे प्रिले नावाचं सरोवर होतं. ओम्ब्रोने नदीचा गाळ साचत गेला, समुद्राने तोंडाशी वाळूचे बांध घातले, सरोवराची दलदल झाली आणि डासांचं फावलं. उन्हाळा लागला की ग्रोसेतोतल्या सरकारी कचेऱ्या बाडबिस्तरा गुंडाळून डोंगरावरच्या स्कान्सानोला जात. हा शिरस्ता १८९७ पर्यंत चालला.

दलदल हटवायची तर पाणी उपसायचं, असं कुणीही म्हणेल. ग्रँड ड्यूक दुसरा लिओपोल्दो याने १८२८ नंतर उलटंच करायला घेतलं. पुराचं गढूळ पाणी कालव्याने मुद्दाम दलदलीत सोडायचं, बांध घालून कोंडायचं, गाळ तळाशी बसला की वरचं निवळ पाणी समुद्राकडे काढून द्यायचं. पुरामागून पूर, थरावर थर. नदीलाच मजुरीला लावलं म्हणा ना! काम अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळलं, आणि हिवताप हटला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, डीडीटी आल्यावर. आज तिथे शेती डुलते.

पण शेतात बसलेला गाळ समुद्रापर्यंत पोहोचलाच नाही. मग ओम्ब्रोनेच्या मुखाशी लाटा किनारा कुरतडू लागल्या, आणि ती झीज अजून थांबलेली नाही. हे मुख १९७५ साली स्थापन झालेल्या मारेम्मा उद्यानात येतं. लांब शिंगांची करडी गुरं आणि त्यांना घोड्यावरून हाकणारे ‘बुत्तेरी’ याच परिसरातले.

थोडं दक्षिणेला आर्जेंतारिओचा डोंगर आहे. हे मूळचं बेट. वाळूच्या दोन लांब पट्ट्यांनी ते मुख्य भूमीला जोडलं गेलं आणि मध्ये ओर्बेतेल्लोची खाजण अडकली. फेनिल्या या दक्षिणेकडच्या पट्टीवरचं रान तोड आणि चराईने इतकं उघडं पडलं, की वाळू उडून खाजणीत भरू लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाइन लावून ती थोपवली. आज पर्यटक ज्याला ‘निसर्गरम्य वनराई’ म्हणतात, ती हीच लागवड.

खाजण जेमतेम मीटरभर खोल. थंडीत रोहित पक्षी उतरतात. कडक उन्हाळ्यात पाणी तापतं, त्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. २०१५ साली असंच मोठं नुकसान झालं. म्हणून उन्हाळ्यात पंप लावून समुद्राचं ताजं पाणी आत घ्यावं लागतं.