तिळाचा खरा हिशेब

संक्रांतीचा तीळ हातावर घेताना त्यात तेल किती, हे आपण विचारीत नाही. पिकविणाऱ्याला ते विचारावेच लागते. तिळात वाणपरत्वे साधारण शेकडा 45 ते 55 तेल असते; पण नुसते टक्के पाहून वाण निवडणे फसवे होय. समजा, एका वाणाचे हेक्टरी 600 किलो दाणे आले, तेल 52 टक्के. म्हणजे तेल 312 किलो. दुसऱ्याचे दाणे 700 किलो, तेल 46 टक्के. म्हणजे 322 किलो. कमी टक्क्यांचा वाणच पुढे गेला! अर्थात ही तुलना एकाच शेतात, एकाच वेळी पेरून आणि दाणे सारखेच वाळवून केली पाहिजे. शिवाय पिकलेली बोंडे उकलून दाणे मातीत सांडतात, ती तूट वेगळी.

आता बाजार पाहा. तीळ बहुधा वजनावर विकला जातो. क्विंटलमागे सहा किलो तेल अधिक असले, तरी ते गाळणाऱ्याच्या पदरात पडते. आपल्या श्रमाचा हिशेब आपणच मांडावा, असे मी कामगारांना सांगत आलो. शेतकऱ्यालाही तेच सांगेन : वजनाबरोबर तेलही मोजून घ्या, मगच भाव बोला.