भोगीच्या भाजीमागचा हिशेब

संक्रांतीच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रात घरोघरी भोगीची भाजी होते. सोलाणे, पावटा, घेवडा, वांगी, गाजर, बोरं, वर तिळाचं कूट आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. यातलं जवळपास सगळं त्याच आठवड्यांत शेतात तयार असतं. सण एका दिवसाचा असला तरी त्यामागचा हिशेब वर्षभर पाळावा असा आहे: भाजी मनाने आधी ठरवू नये, बाजारात कशाची आवक आहे ते पाहून ठरवावी.

याचं पहिलं कारण वेळ. तोडलेल्या भाजीचाही श्वासोच्छ्वास चालूच असतो आणि त्यात तिच्यातली साखर खर्च होते. ओल्या वाटाण्यातल्या साखरेचा तर भराभर स्टार्च होतो, म्हणून ताजा वाटाणा गोड आणि चार दिवसांचा पिठूळ लागतो. पालेभाजीतलं ‘क’ जीवनसत्त्व उष्ण हवेत दोन-तीन दिवसांतच बरंच घटतं. हंगामात भाजी जवळपासच्या गावांतून येण्याची शक्यता जास्त, म्हणजे शेत आणि पातेलं यांतलं अंतर कमी. बिगरहंगामी भाजीत पोषण नसतंच, असं मात्र नाही. उलट तोडल्यावर काही तासांत गोठवलेला वाटाणा मंडईत चार दिवस पडलेल्या शेंगांपेक्षा सरस ठरू शकतो. मुद्दा ताजेपणाचा आहे, आणि तो सर्वांत स्वस्तात हंगामच देतो.

‘स्वस्तात’ हा शब्द मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. चौघांच्या घरात ते दिवसाला दीड किलोच्या वर जातं. जुलै २०२३मध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला. अशा वेळी त्याच्याच मागे लागलं की बाकीच्या भाज्यांना कात्री लागते. आमटीला आंबटपणा हवा असेल तर चिंच आणि आमसूल आहेतच. टोमॅटो अमेरिका खंडातून इथे येण्याआधीही आपल्या आमट्या आंबट होत होत्या.

हंगाम पाळला तर तेच तेच खावं लागेल, अशी तक्रार असते. प्रत्यक्षात बारमाही मिळणाऱ्या बटाटा, फ्लॉवर, कोबी, सिमला मिरचीवर विसंबणाऱ्या घरातच तोचतोचपणा जास्त. पावसाळ्यात भाज्या नसतात, हेही तितकंसं खरं नाही. दोडका, पडवळ, दुधी, अळू, करटोली तेव्हाच येतात; कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात टाकळा, कुर्डू, भारंगी उगवते. खरी अडचण वेगळी आहे: या भाज्या निवडायच्या आणि शिजवायच्या कशा, हे घरांतून विसरलं जातंय. अळवात चिंच घालतात ती चवीपुरती नव्हे, खाज मोडायलाही. शेवळं या रानभाजीसोबत त्याचसाठी काकडं ही आंबट फळं लागतात, आणि ठाणे-पालघरकडे शेवळं विकणाऱ्या आदिवासी बायका दोन्ही बरोबरच आणतात. ओळखीची नसलेली रानभाजी स्वतः खुडून आणू नये; ती अशा जाणत्या बाईकडून घ्यावी आणि कशी करायची तेही तिथेच विचारून घ्यावं.