मुके जी-एच आणि काट्याची पावती

आमच्या न्हावऱ्यात जी-एच म्हणजे घ, यात कुणाला शंका नसते. गावच्या साखर कारखान्याचं नाव घोडगंगा, नदीचं नाव घोड, आणि शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. इंग्रजी पाटीवर जी-एच दिसला की घ म्हणायचं, हे इंग्रजी शिकण्याआधीच आमच्या डोळ्यांना पाठ झालेलं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आम्ही त्याआधीचे; आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. त्या वर्षी वडिलांच्या खिशातली उसाच्या काट्याची पावती मी मोठ्या ऐटीत वाचली, "ग्रॉस वेइघ्ट!" वडील म्हणाले, "वेट म्हणत्यात त्याला. मधली दोन सोडून द्यायची." का सोडायची, ते त्यांना ठाऊक नव्हतं. शाळेत विचारलं, तर "पाठ कर" म्हणून बोळवण झाली.

आता माझ्याच पडवीत संध्याकाळी सात-आठ पोरं शिकवणीला बसतात. परवा सहावीतली एक पोरगी नाइटचं स्पेलिंग लिहिता लिहिता थांबली. "बाई, ही दोघं बोलतच नाहीत, तर मधी बसल्यात कशाला?" तिला "पाठ कर" म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, चला, आधी यांची खानेसुमारी करू.

पहिला गट मुक्यांचा. नाइट म्हणजे रात्र, डॉटर म्हणजे मुलगी, नेबर म्हणजे शेजारी, थाय म्हणजे मांडी, साय म्हणजे उसासा. ड्रॉट म्हणजे दुष्काळ. त्याचा अर्थ आमच्या भागातल्या पोरांना सांगावा लागत नाही. दुसऱ्या गटात हेच जी-एच फ होतात. लाफ म्हणजे हसणं, टफ म्हणजे चिवट, इनफ म्हणजे पुरेसं, ट्रॉफ म्हणजे जनावरांची गव्हाण. कॉफपाशी पोरं हमखास फसतात. कॉफ म्हणजे खोकला; आपला कफ म्हणजे त्या खोकल्यातून पडतो तो. तिसऱ्या गटात जी-एच शब्दाच्या तोंडाशी येतात आणि नुसता ग होतात. गोस्ट म्हणजे भूत, गर्किन म्हणजे लोणच्याची छोटी काकडी. घाट आणि घी हे शब्द तर इंग्रजांनी इथूनच उचलले.

सगळ्यांत बेरकी ती ओ-यू-जी-एच ही चौकडी. थ्रू म्हणजे आरपार, दो म्हणजे जरी, थॉट म्हणजे विचार, टफ म्हणजे चिवट, कॉफ म्हणजे खोकला, प्लाऊ म्हणजे नांगर. अक्षरं तीच चार, पण सहा शब्दांत सहा आवाज. अमेरिकनांनी प्लाऊमधल्या या चौकडीवर नांगर फिरवला आणि ओ-डब्ल्यूवर भागवलं. इंग्लंडात ती अजून ठाण मांडून आहे.

पण पोरीचा प्रश्न तसाच होता. ही दोघं बसलीत कशाला?

तर ती पूर्वी बोलायची. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज रात्रीला 'निख्त' म्हणायचा आणि मुलीला 'दोख्तर'. हा आवाज ह आणि ख यांच्या मधला, घसा खाकरल्यासारखा. तेव्हा तो एकट्या एचनं लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यांच्या फ्रेंच वळणाच्या कारकुनांच्या अमदानीत त्या आवाजासाठी जी-एच अशी जोडी रुळली. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकात बोलण्यातून तो आवाज झिजत गेला. काही शब्दांत पुरता गेला, काहींत त्याचा फ झाला. पण तोवर छपाई आली होती. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि हळूहळू स्पेलिंगं खिळ्यांत अडकून बसली. जीभ पुढे गेली, खिळे जागेवर राहिले. गोस्टमधला एच तर या छापखान्यातून फ्लेमिश वळणानं घुसला असं मानतात. डिलाइट म्हणजे आनंद. त्यातले जी-एच कधीच बोलले नव्हते. लाइटचं बघून ते डिलाइटनंही लावून घेतले.

जर्मन माणूस मात्र आजही रात्रीला 'नाख्त' म्हणतो. आणि आपण? विल्यम जोन्सनं १७८६ मध्ये कलकत्त्यात सांगितलं, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एकाच मुळातून फुटल्या असाव्यात. इंग्रजीही त्याच भावकीतली निघाली. म्हणून तिकडे मुके झालेले आवाज इकडे चांगले खणखणीत ऐकू येतात. डॉटर आणि दुहिता या सख्ख्या बहिणी. तिकडच्या जी-एचच्या जागी इकडे ह आहे. नाइटच्या घरचा आपला शब्द नक्त, म्हणजे दिवसभर उपास करून रात्री जेवायचं त्या नक्तव्रतातला. आणि हलकं या अर्थाचा लाइट म्हणजे आपला लघु. तिथं तर जी-एचच्या जागी चक्क घ!

साहेबाला आपल्याकडेही एच कधी नीट सांभाळता आला नाही. इंग्रजांच्या कागदांत शिरूरचा एच गाळून 'सिरूर' झालं, आणि दौंडला नसता एच चिकटवून 'धोंड' केलं.

शेवटी फळ्यावर वडिलांच्या पावतीतला शब्द लिहिला, वेट. तो आला वे या क्रियापदावरून. वे म्हणजे वजन करणं, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाहून नेणं असाही होता. त्याचा आपल्याकडचा भाऊ वह् हा संस्कृत धातू. वाहणं, वाहन, वाहतूक, सगळं त्यातलंच. ऊस वाहतुकीतला ह आणि काट्याच्या पावतीवरचे जी-एच एकाच घरचे.

पोरीचा बाप गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरवर असतो. तिनं फळ्याकडे बघितलं, मग पेन्सिलीनं वहीतल्या जी-एचखाली रेघ ओढली.

"म्हंजी बाई, पप्पा वाहत्यात, ते हितं लिव्हलंय?"

"हो," म्हटलं. "लिहिलंय. फक्त म्हणायचं नाही."