वेगवान रेल्वे आणि आपले रान



राहू, केडगाव भागात ऊस नोंदीसाठी फिरताना हल्ली एकच प्रश्न कानावर येतो, "साहेब, बुलेट ट्रेन आपल्या रानातनं जाणार म्हणत्यात, खरं का?" म्हणून आम्ही चार गोष्टी येथे मांडत आहोत.

मुंबई–पुणे–हैदराबाद या सुमारे ७११ किलोमीटरच्या मार्गाचा अभ्यास झाला तेव्हा स्थानकांच्या यादीत कुरकुंभ-दौंडचे नाव होते. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात सात वेगवान मार्ग जाहीर झाले, त्यांत मुंबई–पुणे व पुणे–हैदराबाद आहेत. मात्र मार्ग जाहीर झाला म्हणजे आपला गट नंबर ठरला असे नव्हे. कोणी दलालाने मोबाईलवर नकाशा दाखवला म्हणून इसार घेऊन मोकळे होऊ नये.

आता कोणी म्हणेल, केडगाव-पाटसवरून विजेच्या गाड्या धावतातच, मग नवा मार्ग कशाला? भरल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळणावर हळू घ्यावा लागतो, तसेच गाडीचे आहे. मुंबई–अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा मार्ग ताशी ३२० किलोमीटर वेगासाठी आखला आहे. एवढ्या वेगाला जवळजवळ सरळ रूळ लागतो, फाटक चालत नाही. म्हणून तो बहुतांशी खांबांवरून नेला आहे. शिवाय त्याच्या रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर, आपल्याकडील रुळांचे १६७६. म्हणजे साखरेची मालगाडी त्यावरून जाणार नाही.

मग आपला फायदा काय? जपानने १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो–ओसाका असा वेगळा मार्ग सुरू केला, त्याने जुन्या मार्गावरील गर्दीचा भार हलका झाला. आपल्याकडेही तसे झाले, तर साखर व खताच्या वाहतुकीला जुना रूळ मोकळा मिळेल. स्थानक जवळ झाले तर लाभ आहेच. नाहीतर गाडी डोक्यावरून जाईल आणि आपण खालून बघू.

जमिनीचा हिशोब असा. मुंबई–अहमदाबाद मार्गाला साधारण साडेसतरा मीटर रुंदीची पट्टी लागते. शंभर मीटर लांबीच्या रानातून ती गेली, तर सतरा गुंठ्यांच्या वर जमीन जाते. त्याहून मोठी अडचण म्हणजे विहीर एकीकडे आणि ऊस दुसरीकडे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन घेतल्यास प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत हरकत घेता येते. भरपाईत उभे पीक, झाडे व विहीर धरतात. रानाचे तुकडे पडून होणारे नुकसानही विचारात घेतात. पण दप्तरी पुरावा लागतो. तेव्हा सभासदांनी आजच सात-बारा काढून पाहावा. वारस नोंद, विहीर, झाडे, पीक पाहणी यांत चूक असल्यास तलाठ्याकडे अर्ज करून पोच घ्यावी. पाइपलाइन व ठिबकच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

रेल्वे येईल तेव्हा येईल. सात-बारा मात्र आत्ताच दुरुस्त करता येतो.

— ऊस विकास अधिकारी