शेवटचे पंधरा फूट

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर जा, डीटीएचच्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या दिसतील. त्यातली डीडी फ्री डिशची छत्री ज्याच्याकडे बघते तो जीसॅट-१५ उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाशी मुक्काम ठोकून आहे. पुण्यापासून तिरकं अंतर काढलं तर ते साडेछत्तीस हजार किलोमीटरच्या वर भरतं. इतक्या लांबून आलेली मालिका हॉलमधल्या टीव्हीवर लख्ख दिसते. तीच पंधरा फूट आतल्या खोलीत न्यायची म्हटलं, की घरात चर्चासत्र बसतं. भिंतीला भोक पाडायचं का? वायर चौकटीवरून नेली तर दिसेल कशी? की दुसरी छत्री, दुसरा बॉक्स आणायचा?

या पंधरा फुटांसाठी वायरलेस एव्ही सेंडर नावाची दोन डब्यांची जोडी मिळते. एक डबी सेटटॉप बॉक्सला जोडायची, दुसरी आतल्या टीव्हीला. भाव किरकोळ, रूप त्याहून किरकोळ. पण तिच्या पोटात काय चालतं ते समजून घेतलं, की आकाशातल्या छत्तीस हजार किलोमीटरांपेक्षा घरातले पंधरा फूट जास्त अवघड का, हे लक्षात येतं.

सुरुवात गच्चीवरून करू. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी पृथ्वीवर पोचेपर्यंत इतक्या विरळ झालेल्या असतात, की एका वॉटचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले जेमतेम एक-दोन भाग आपल्या दोन फुटी छत्रीच्या वाट्याला येतात. छत्री ते गोळा करून पुढे दांडीवर बसवलेल्या एलएनबीत ओतते. एलएनबी तिथल्या तिथे एक वजाबाकी करतो. ११,०९० मेगाहर्ट्झची लहर आली, त्यातून ९,७५० वजा केले, उरले १,३४०. एवढ्या खालच्या पट्टीतली लहर साध्या केबलमधून खाली उतरू शकते, ११,०९० ची वाटेतच विरून गेली असती. गंमत म्हणजे ज्या केबलमधून चित्र खाली येतं, त्याच केबलमधून एलएनबीला वीज वर जाते. १३ व्होल्ट गेले तर त्याने उभ्या लहरी घ्यायच्या, १८ गेले तर आडव्या. एका वायरीत एवढा संसार.

सेटटॉप बॉक्स या लहरींतून आकडे काढतो, आकड्यांतून चित्र जुळवतो आणि मागच्या तीन भोकांतून बाहेर सोडतो. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्या-लालमधून डावा-उजवा आवाज. पिवळ्या पिनेत एका व्होल्टच्या आतबाहेर होणारा चढउतार असतो, त्यातच ६२५ ओळींचं अख्खं चित्र मावतं, सेकंदाला २५ वेळा. सेंडर हाच चढउतार उचलतो आणि एफएम रेडिओच्या रीतीने २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीवर चढवून हवेत सोडतो. पलीकडची डबी तो उतरवून पुन्हा व्होल्ट करते. चित्र बहुरूप्यासारखं सोंगं बदलत पलंगासमोरच्या टीव्हीपर्यंत पोचतं.

इथे एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी, कारण तिच्यावरून घरात भांडणं होतात. सेंडर छत्रीचा सिग्नल पाठवत नाही, बॉक्सने सोडवून दिलेलं चित्र पाठवतो. म्हणजे हॉलमध्ये जो चॅनल, तोच आत. बाहेर मालिका आणि आत मॅच, हे एका बॉक्सवर होणार नाही. एचडी बॉक्स असला तरी पिवळ्या पिनेतून साधंच चित्र मिळणार.

आता भिंतीकडे वळू. लहर भिंतीतून जाते, यात आज कुणाला नवल वाटत नाही. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोसांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली, तेव्हा लोक थक्क झाले होते. सेंडरची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते. विटांच्या भिंतीतून ती थोडी थकून पार होते, सळयांच्या काँक्रीटमध्ये जास्त थकते, लोखंडी कपाट आडवं आलं तर माघार घेते. तरीही हिशोब मांडला तर आतल्या खोलीत पोचलेली ही लहर उपग्रहाच्या लहरीपेक्षा शेकडो, कधी हजारो पट जोरकस असते. मग चित्राला मुंग्या का येतात?

छत्री आकाशाचा फक्त तीनेक अंशांचा तुकडा पाहते, बाकी जगाकडे तिची पाठ. शिवाय उपग्रह आकड्यांसोबत जादा आकडे पाठवतो, वाटेत काही गळले तर बॉक्स ते भरून काढतो. सेंडरला यातलं काहीच नाही. त्याच्या डबीला चारी बाजूंचं ऐकू येतं: शेजाऱ्यांचा वायफाय, ब्लूटूथ, भिंतींवरून उलटलेल्या स्वतःच्याच लहरी. सरळ आलेली आणि कपाटावर आपटून आलेली लहर नेमकी उलटी पडली, तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून डबी तीन-चार सेंटिमीटर सरकवली की चित्र एकदम सुधारतं. हा चमत्कार वाटतो, पण ती पाव लहरीची लांबी असते. मधून माणूस गेला तरी चित्र थरथरतं, कारण आपण बहुतांशी पाणी, आणि पाणी या लहरी पितं.

याच गुणावर मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो, तोही २,४५० मेगाहर्ट्झवर. सेंडरवर सहसा चार चॅनलांचं बटण असतं: २,४१४, २,४३२, २,४५० आणि २,४६८. तिसरा थेट ओव्हनच्या मांडीवर. सेंडरची ताकद दहा मिलिवॉटच्या आसपास, ओव्हनच्या आत शेकडो वॉट. कण्यांची खीर गरम होतेय आणि आत टीव्हीवर आडवे पट्टे नाचताहेत, असं झालं तर सेटटॉप बॉक्सला दोष देऊ नका, बटण चौथ्यावर सरकवा.

खरी कमाल मात्र रिमोटची. पलंगावर बसून बाहेरच्या बॉक्सचा चॅनल बदलायचा कसा? रिमोटच्या टोकाला मोबाइलचा सेल्फी कॅमेरा धरा आणि बटण दाबा, बहुतेक फोनांवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. डोळ्यांना न दिसणारा तो अवरक्त प्रकाश सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकतो. ऊन आणि दिवेही अवरक्त प्रकाश टाकतात. त्या गर्दीत बॉक्स फक्त ही लय ओळखतो. पण प्रकाशच तो, भिंत दिसली की संपला. म्हणून आतली डबी तो पकडते, ४३३ मेगाहर्ट्झची रेडिओलहर करून भिंतीतून बाहेर धाडते. बाहेरची डबी त्याचा पुन्हा प्रकाश करते आणि वायरीच्या टोकाला चिकटवलेल्या मसुराएवढ्या दिव्यातून बॉक्सच्या डोळ्यात लुकलुकवते. बॉक्सला वाटतं रिमोट समोरच आहे. चित्र एका लहरीने आत येतंय आणि हुकूम दुसऱ्या लहरीने उलटा बाहेर जातोय, दोघांची एकमेकांशी गाठही पडत नाही. मला विचाराल तर पैसे या एका दिव्यासाठी द्यावेत.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या साधनांसाठी २००५ पासून विनापरवाना खुला आहे, त्यामुळे कागदपत्रांची भानगड नाही. घ्यायचाच असेल तर आधी बॉक्स फिरवून मागची पिवळी-पांढरी-लाल भोकं आहेत ना, ते पाहा. नुसता एचडीएमआय असेल तर हा सेंडर कामाचा नाही. डबी बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नका, हातभर बाजूला ठेवा. आणि तो मसुराएवढा दिवा चिकटवण्याआधी बॉक्सचा डोळा नेमका कुठे आहे, ते टॉर्च मारून शोधा. काळ्या काचेमागे तो सहज दिसत नाही.