हक्क कागदावर, पाणी ट्रकवर

अमेरिका म्हटली की घरोघरी नळ, असे आपल्याला वाटते. पण ॲरिझोना, न्यू मेक्सिको व युटा या राज्यांत पसरलेल्या वाळवंटी मुलखात नवाहो या मूळ रहिवाशांची वस्ती आहे. तेथील साधारण ३० टक्के घरांत नळ नाही.

तेथे घरचा जुना ट्रक हाच पाणक्या! मागे प्लॅस्टिकची टाकी बांधायची, कच्च्या रस्त्याने कित्येक मैल जायचे, सार्वजनिक नळावर पाणी भरून परतायचे. १००० लिटर पाणी म्हणजे एक टन ओझे. जुन्या गाडीला ते पेलत नाही. म्हणून खेपा वाढतात, पेट्रोल जळते. गाडी बंद पडली की घरचे पाणी बंद.

मग जवळच्या विहिरीचे पाणी का नको? १९४४ ते १९८६ या काळात येथे युरेनियमच्या खाणी चालल्या. ५०० हून अधिक खाणी तशाच टाकून दिल्या गेल्या. कित्येक विहिरींत युरेनियम व आर्सेनिक सापडले. भगिनींनो, हे विष पाणी उकळून जात नाही.

१८६८ च्या कराराने या लोकांना राखीव भूमी मिळाली. तिच्यासोबत पाण्याचा हक्कही आला, हे न्यायालयाला मान्य आहे. परंतु ते पाणी मिळवून देण्यासाठी पावले उचलण्याचे बंधन करारामुळे सरकारवर येत नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ५ विरुद्ध ४ मतांनी दिला.

हक्क मान्य, पण टाकी रिकामी! आम्ही विचारतो, घरात घोटभर पाणी आणू न शकणारा हक्क कोणत्या कामाचा?