गारपिटीचे दिवस आणि आठवड्याचा हवामान अंदाज

मार्च महिन्यात मराठवाड्यात गहू-हरभरा काढणीस येतो, शिजविलेली हळद वाळत पडलेली असते, आणि नेमक्या याच सुमारास वादळी पावसाचा धोका संभवतो. सन २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस व मार्चमध्ये झालेल्या गारपिटीने हाताशी आलेला रब्बी हंगाम व फळबागा अनेक गावांत नष्ट झाल्या.

उन्हाने जमीन तापली की तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. तिच्यात समुद्रावरून आलेले बाष्प असल्यास ढग उंच वाढतात व वरच्या अतिथंड थरात थेंब गोठून गारा बनतात. गारपीट बहुधा दुपारनंतर होते ती यामुळेच. सकाळचे निरभ्र आकाश पाहून निर्धास्त राहू नये.

अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ असे शब्द आले की पुष्कळ शेतकरी तिकडे दुर्लक्ष करतात. या शब्दांचा अर्थ, विभागातील पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, एवढाच आहे. त्याच्या जोराविषयी त्यात काहीच सांगितलेले नसते. गारपिटीचा पट्टा तर मुळातच अरुंद असतो. शिवेअलीकडचे रान झोडपले जाते, पलीकडचे कोरडे राहते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा अर्थ समजावून सांगावा.

इशारा मिळताच पक्व पीक आधी कापावे व कापलेला माल उंचवट्यावर रचून ताडपत्रीने झाकावा. हळद शिजविणे पुढे ढकलावे. उभ्या गव्हास पाणी देऊ नये; ओल्या जमिनीत तो वाऱ्याने लोळतो. विजा चमकत असताना गुरे झाडाखाली बांधू नयेत.